फळ्यावरच्या टाचण्या

मुलं निषेधाची पत्रकं लावतात तो फळाच काढून टाकू, म्हणजे विद्यापीठ तटस्थ राहील, असं कालच्या बैठकीत बहुतेक प्राध्यापक म्हणाले. निर्णय कुलसचिवांवर सोपवून सगळे उठले. वर्गात राज्यघटना शिकवणारी मी तिथे गप्प बसले होते.

आज सकाळी जिन्यावरून पाहिलं, तर आमचे शिपाई शिंदेमामा फळ्यावरचे कागद उपटत होते. मी धावतच खाली उतरले.

"मामा, हुकूम आला का?"

"छे हो मॅडम! क्लासच्या जुन्या जाहिराती काढतोय. तासांवर बहिष्कार टाकणाऱ्या पोरांनी अर्धा फळा घेतलाय. तास चालू ठेवा म्हणणाऱ्यांना अर्धा नको का?"

शेजारी दोन मुली होत्या. काल फाटकापाशी एकमेकींविरुद्ध घसा फोडून घोषणा देणाऱ्या. एकीचा कागद वाऱ्याने उडत होता आणि मामा टाचणी लावेपर्यंत दुसरीने तो तळव्याने दाबून धरला होता, तोंड वाकडं करून का होईना.

किती हायसं वाटलं! आणि कालच्या माझ्या गप्प बसण्याची लाजही.

उरलेल्या टाचण्या मामांनी खिशात टाकल्या नाहीत. फळ्याच्या कोपऱ्यात टोचून ठेवल्या, उद्या आणखी कुणाला काही म्हणायचं असलं तर.