पडद्यावर संपणारे धडे

बद्रीनाथ इंगोले वाशीम जिल्ह्यातून पुण्यास आले, तेव्हा दुकानांच्या पाट्या हाताने रंगवल्या जात. त्यांचे अक्षर गोल आणि ठसठशीत होते. कुंचला एकदा टेकला की तो पुन्हा त्याच रेषेवर फिरवावा लागत नसे. पुढे फ्लेक्स आला आणि पाट्यांचे काम वर्षभरात आटले. बद्रीनाथ नारायण पेठेतल्या एका डी.टी.पी. केंद्रात संगणकावर बसू लागले. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, मंडळांचे अहवाल यांत त्यांची उमेदीची वर्षे गेली. मग लोक पत्रिका मोबाइलवरूनच पाठवू लागले आणि ते केंद्रही बंद पडले. प्रत्येक वेळी नवे यंत्र आले, आणि प्रत्येक वेळी बद्रीनाथ, थोडे उशिरा का होईना, त्याच्या शेजारी जाऊन बसले. याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही आणि अभिमानही मिरवला नाही.

पन्नाशी जवळ आली असता बुधवार पेठेतल्या मच्छिंद्रशेठांनी त्यांना बोलावणे पाठवले. शेठांचे दुकान टाकांच्या ठशांचे. टाक म्हणजे देवघरात पूजली जाणारी कुलदैवताची चांदीच्या पत्र्यावरची उठावाची प्रतिमा. पोलादी ठशात प्रतिमा खोलगट कोरलेली असते. त्यावर पत्रा ठेवून वरून शिशाने ठोकला की देव उठतो. ठसे कोरणारा जुना कारागीर दृष्टी अधू झाल्यामुळे घरी बसला होता, म्हणून शेठांनी संगणकावर चालणारे कोरणीचे यंत्र घेतले होते.

"इंगोले, यंत्र कोरतं," शेठ म्हणाले. "काय कोरायचं ते मात्र त्याला कळत नाही. तुम्हाला कळतं का, ते बघू."

"संगणकावर मूर्ती घडवायचं काम मी केलेलं नाही, शेठ."

"मीही यंत्र विकत घेण्यापूर्वी पाहिलं नव्हतं. दसऱ्यापर्यंत शिका. एक खंडोबा नीट करून दाखवलात, तर यंत्र तुमच्या ताब्यात. नाहीतर राजकोटचा माणूस यायला तयार आहे. तो विड्याचं पानही स्वतःच लावून आणतो."

शिकवणीचा वर्ग लावण्याइतकी सवड नव्हती आणि ऐपतही नव्हती. तेव्हा रोज सकाळी, मुलगी सृष्टी अभियांत्रिकी महाविद्यालयात जाण्यापूर्वी, तिच्या लॅपटॉपवर बद्रीनाथ इंटरनेटवरचे धडे पाहू लागले. मूर्ती घडवण्याचा प्रोग्रॅम फुकट मिळाला. धडेही फुकट होते, आणि प्रत्येकावर 'अगदी नवशिक्यांसाठी' असे ठळक लिहिलेले होते.

पहिल्या धड्यात एका तरुणाने पडद्यावर मातीचा गोळा आणला आणि बोलता बोलता त्याचा पंख असलेला राक्षस केला. मधे त्याची बोटे कळफलकावर कुठे कुठे पडत होती, ते दिसत नव्हते आणि तो सांगतही नव्हता. दुसऱ्या धड्यात गुरुजी गोळ्यापासून डोक्यापर्यंत सावकाश आले. मात्र नाक सुरू होताच "हा भाग जरा वेगाने दाखवतो" असे म्हणून त्यांनी संगीत लावले. संगीत थांबले तेव्हा नाक तयार होते. तिसरा धडा हिंदीत होता. त्यात चॅनेलला वर्गणीदार होण्याची विनंती इतकी सविस्तर होती, की मूळ विषयाला त्यामानाने फारच थोडा वेळ उरला. शिवाय त्यातली सगळी बटणे प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्तीतली होती. खाली शेकडो लोकांनी 'उत्तम, सर' असे लिहिले होते. त्यांतल्या किती जणांना नाक जमले, हे मात्र कोणी लिहिले नव्हते.

"बाबा, दीडपट स्पीडवर बघा ना, टाइम वाचतो," सृष्टी डबा भरता भरता म्हणाली.

"आहे त्या वेगात कळत नाही. वाढवून काय कळणार?"

"मग कमेंटमध्ये विचारा. सगळे विचारतात."

"विचारलं होतं. अंगठा आला."

अखेर त्यांना एका परदेशी बाईंचे धडे सापडले. बाईंचा आवाज एकसुरी होता आणि पाहणारे अगदी मोजके होते. एका संपूर्ण धड्यात त्यांनी फक्त कान घडवला. घडवताना त्या दोनदा चुकल्या, आणि चुकलेला भाग कापून न टाकता तो का चुकला ते सांगून मग पुसला. कोणत्या बटणावर बोट आहे, हे पडद्याच्या कोपऱ्यात सतत दिसत होते. त्यांचे नाव बद्रीनाथांना नीट उच्चारता येत नसे; घरात त्यांना 'कानवाल्या बाई' म्हणत. त्यांच्याकडून बद्रीनाथ पृष्ठ उचलायला शिकले, दाबायला शिकले, आणि आकार पक्का होण्याआधी बारकाव्याला हात घालू नये, हेही शिकले. त्यांची इंग्रजी निम्मीच समजे. पण ज्याला शिकवायचे असते, त्याची भाषा निम्मी समजली तरी पुरते.

एक गोष्ट मात्र सर्व धड्यांत सारखी होती, अगदी कानवाल्या बाईंच्याही. मूर्ती पूर्ण झाली की ती पडद्यावर प्रकाशात हळूहळू फिरवून दाखवत आणि धडा संपे. त्यापुढे ती मूर्ती कोणी धातूत उतरवील, हाती घेईल, रोज पाण्याने धुईल, ही कल्पनाच त्यांच्या जगात नव्हती. बद्रीनाथांनाही तेव्हा त्यात काही उणे वाटले नाही.

श्रावणाच्या सुरुवातीस धायरीच्या कौशल्याबाई पोकळे शेठांच्या दुकानात आल्या. त्यांच्या दोन मुलांची घरे वेगळी झाली होती. अशा वेळी मूळचे टाक थोरल्याकडे राहतात आणि धाकट्याच्या देवघरासाठी तसेच नवे करवून घेतात. पोकळ्यांचा खंडोबा जुन्या घडणीचा होता: घोड्यावर देव, जवळ म्हाळसा, देवाच्या हाती उगारलेली तलवार. श्रावणाच्या शेवटच्या रविवारी धाकट्याच्या घरी जागरण-गोंधळ ठरला होता. बाईंनी पदराच्या गाठीतून टाक काढला, फोटो काढू दिले आणि लगेच परत गाठीत बांधला.

"ठेवून जा ना, मावशी," शेठ म्हणाले. "पाहून काम चांगलं होतं."

"देव काय परगावी मुक्कामाला जातो व्हय? फोटूवरनं करा."

बद्रीनाथांनी फोटोवरून केले. घोड्याची मान तीन वेळा मोडून पुन्हा घडवली. म्हाळसेचा चेहरा झिजून सपाट झाला होता. तो त्यांनी आपल्या अंदाजाने, पण फार न सजवता उठवला. शेठांनी पडद्यावर वाकून पाहिले आणि "हं" म्हणाले. शेठांच्या तोंडी हा शब्द क्वचितच येई.

यंत्राकडे काम देण्यापूर्वी बद्रीनाथांनी प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी केली. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि कोणाला विचारावे असेही त्यांना वाटले नाही. डी.टी.पी. केंद्रात छपाईसाठी ट्रेसिंग कागदावर मजकूर नेहमी उलटा काढत. त्यावरून प्लेट करताना ती सुलटी येई. प्लेट सुलटी वाचता आली की काम बरोबर, अशी तिथली रीत होती. उमेदीची वर्षे ज्या रीतीत गेली, ती हातून विचारल्यावाचून घडते. यंत्राने ठसा कोरला. बद्रीनाथांनी तो मोबाइलमधल्या फोटोशेजारी धरला. घोडा त्याच दिशेला, तलवार त्याच हाती. ते समाधानाने घरी गेले. टाक ठोकून थेट धायरीला पोहोचला.

गुरुवारी दुपारी कौशल्याबाई दुकानात आल्या. त्यांनी नव्या टाकाची पुडी गल्ल्यावर उलगडली. जुना टाकही या वेळी बरोबर होता. त्यांनी दोन्ही शेजारी मांडले.

दोन घोडे एकमेकांसमोर उभे होते. जुना देव उजव्या हाताने तलवार उगारून होता. नवा डाव्या हाताने.

"सकाळी दोघांना बरोबर आंघोळ घातली, तवा दिसलं," बाई म्हणाल्या. "वाटण्या माझ्या पोरांच्या झाल्यात, शेठ. देवांच्या नाय. ह्ये दोघं एकमेकांच्या अंगावर चालून आल्यात की!"

शेठांनी दोन्ही टाकांकडे पाहिले, मग बद्रीनाथांकडे.

"यंत्रानं उलटं कोरलं असेल," बद्रीनाथ हलक्या आवाजात म्हणाले.

"यंत्राला अजून सवयी लागलेल्या नाहीत, इंगोले. तुम्हाला आहेत." शेठ बाईंकडे वळले. "मावशी, शनिवारी संध्याकाळी या. सुलटा देव मिळेल."

"मिळंल ना नक्की? पावणे यायच्यात."

"मिळेल. हे करतील, नाहीतर दुसरं कोणी करेल." आणि बाई गेल्यावर बद्रीनाथांना म्हणाले, "राजकोटला फोन करायचा का, हे मी शनिवारीच ठरवीन. तोवर का झालं ते मला सांगा. पुन्हा करून देणं सोपं आहे. का झालं ते ज्याला कळलं नाही, त्याच्या हाती मी यंत्र देत नाही."

बद्रीनाथ ठसा पिशवीत घालून घरी गेले. त्यांनी धडे पुन्हा उघडले. ठसा, साचा, उलटसुलट असे शब्द घालून शोधले. राक्षस मिळाले, योद्धे मिळाले, एका मांजराचे डोके मिळाले. पण पडद्याबाहेर पडल्यावर डाव्या-उजव्याचे काय होते, हे नवशिक्यांना सांगणारा धडा त्यांना एकही सापडला नाही. कानवाल्या बाईंच्या धड्यांची यादीही त्यांनी शेवटपर्यंत पाहिली. त्यांचा दोष नव्हता. त्यांनी कान शिकवते म्हटले होते आणि कान शिकवला होता.

सृष्टी महाविद्यालयातून आली. तिने पडद्यावरच्या दोन फाइली पाहिल्या.

"बाबा, ही सेकंड फाइल फ्लिप का केलीये?"

"उलटीच द्यायची असते."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? ट्रेसिंग उलटंच काढतात."

"अहो, पण हे ट्रेसिंग कुठंय?" सृष्टीने ठसा हातात घेऊन फिरवला. "ह्याच्यात देव कसा दिसतोय?"

"सुलटा. फोटोसारखा."

"मग बाहेर कसा येईल?"

बद्रीनाथ उठले. परातीत पोळ्यांची कणीक मळून ठेवलेली होती. तिचा एक गोळा घेऊन त्यांनी ठशात दाबला आणि अलगद सोडवला. कणकेचा खंडोबा डाव्या हातात तलवार घेऊन निघाला. बद्रीनाथांनी तो ठशाशेजारी धरला.

"ठसा सुलटा दिसला, म्हणजे चूकच," ते म्हणाले. "प्लेटवरची शाई आधी रबरावर उतरते आणि मग कागदावर, ती दोनदा उलटते. ठसा एकदाच उलटवतो. आणि ते उलटणं यंत्राचा प्रोग्रॅम स्वतःच करतो. मी त्याच्यावर आणखी एकदा केलं."

"म्हणजे ट्वेंटी इयर्सचा एक्स्पीरियन्स," सृष्टी म्हणाली.

"हसू नकोस."

"हसत नाहीये. पण आता ह्याची पोळी लाटायची की नाही?"

"देव उठवलाय त्याच्यात."

कणीक त्यांनी तुळशीच्या कुंडीत ठेवली.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडताच बद्रीनाथांनी शेठांना कारण सांगितले: ट्रेसिंग, प्लेट, रबर, ठसा, सगळे क्रमाने, आणि शेवटी, "चूक माझी आहे, यंत्राची नाही." मूळ फाइल न उलटवता यंत्राला दिली गेली. ठसा निघाला, तो पाहताना डाव्या हाती तलवार असलेला. बद्रीनाथांनी त्यात कणीक दाबून शेठांसमोर धरली, आणि मगच चांदी ठोकायला गेली.

शनिवारी कौशल्याबाईंनी दोन्ही टाक पुन्हा शेजारी मांडले. दोन्ही घोडे एकाच वाटेने निघाल्यासारखे दिसत होते. बाईंनी नव्या टाकावरून अंगठा फिरवला.

"म्हाळसेचं तोंड जरा नवंच हाय," त्या म्हणाल्या.

"जुनं झिजलं होतं, मावशी," बद्रीनाथ म्हणाले. "दिसत नव्हतं. अंदाजानं केलं."

"असू दे. धाकटी सून बी नवीच हाय." त्यांनी टाक पदरात बांधला आणि त्या बसथांब्याकडे निघाल्या.

शेठांनी गल्ल्याखालून एक जुना, काळवंडलेला टाक काढून बद्रीनाथांसमोर ठेवला.

"सोलापूरकडचं गिऱ्हाईक आहे. भवानी, आठ हातांची. दिवाळीनंतर द्यायची आहे."

"राजकोटला फोन..."

"तो बिचारा स्वतःचं पान स्वतःच लावतो, त्याला कशाला त्रास?" शेठ चष्मा पुसत म्हणाले. "आणि उद्यापासून किल्ली तुमच्याकडे राहील. सकाळी माझ्या आधी या. मला वाट पाहायची सवय नाही."

बद्रीनाथांनी टाक खिडकीपाशी उजेडात नेला आणि देवीचे हात वरून खाली पाहायला सुरुवात केली, आधी उजवे, मग डावे.