तेरा इंचांचं दार

ब्रिन-ब्रिथ या शेतावरच्या मेरेरिदला एका भोकापायी चौदा वर्षं डॉक्टर म्हणवून घेता आलं नाही. भोक म्हणजे भोकच. काएर विलनच्या जुन्या किल्ल्याच्या तटात, पार खाली, तेरा इंच रुंद नि वीस इंच उंच. वेल्सच्या आमच्या या डोंगरात असली भोकं शेकड्यांनी सापडतील. दगड रचून केलेल्या प्रत्येक गडग्याला एकदोन असतातच, आणि त्यांतून मेंढरं ये-जा करतात. पण हे भोक दोन हजार वर्षं जुन्या तटात होतं, आणि नेमकं ते प्रोफेसर ऍशडाउनच्या नजरेस पडलं. झालं, तिथून सगळं बिनसलं.

ऍशडाउन म्हणजे बडं प्रस्थ. आमच्या प्राचीन पूर्वजांवर, केल्ट लोकांवर, सात पुस्तकं लिहिलेली, विद्यापीठात विभागाचे प्रमुख. एका डिसेंबरात, वर्षातला सगळ्यात लहान दिवस होता त्या सकाळी ते किल्ल्यावर उभे होते. उगवत्या सूर्याची तिरीप त्या भोकातून सरळ आत आली आणि त्यांच्या बुटांवर पडली. साहेबांना साक्षात्कार झाला! केल्टांच्या पुजाऱ्यांनी मेलेल्यांचे आत्मे सूर्याकडे धाडायला हे दार केलं, असं त्यांनी लिहिलं. 'आत्म्याचं दार' हे नावही त्यांचंच. पुस्तक धडाधड खपलं, टीव्हीवाले आले, पोस्टाच्या दुकानात त्या भोकाची चित्रं विकायला लागली. आम्ही आमची मेंढरं हाकत राहिलो. आम्हांला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगत सुटायची आमच्याकडे रीत नाही.

मेरेरिद त्यांचीच विद्यार्थिनी. लहानपणापासून बापाबरोबर गडगे रचून तिचे हात खरखरीत झाले होते, त्याच हातांनी ती किल्ल्यावर उत्खनन करायची. १९७४ साली तिने प्रबंध सादर केला. सहाव्या प्रकरणात, नऊ पानांत, तिने लिहिलं होतं: हे दारबिर काही नाही. तट जुना आहे, भोक नवं आहे, आणि ते मेंढरांचं आहे.

ऍशडाउननी तिला खोलीत बोलावलं. "पुरावा?"

"सर, दगड बघा ना. जुन्या तटात फटींतल्या बारीक चिपा उजवीकडून ठोकल्यात. या भोकाभोवती हातभर जागेत त्या डावीकडून आहेत. हा दुसरा हात आहे. आणि तेरा इंच म्हणजे आमच्या डोंगरी मेंढीच्या पोटाचं माप."

"आणि हे तुम्हांला कुठल्या ग्रंथात मिळालं?"

"ग्रंथात नाही. आमच्या गोठ्यामागे."

ऍशडाउन हसले. हसणं वाईट नव्हतं, पण त्यात कीव होती, आणि कीव मेरेरिदला शिवीपेक्षा जास्त झोंबायची. ते म्हणाले, "ही नऊ पानं काढून टाका. पदवी तुमची, आणि ऑक्टोबरपासून अधिव्याख्यात्याची जागाही तुमची. बाकी प्रबंध उत्तम आहे."

"विचार करून सांगते," म्हणत ती उठली आणि थेट गावची बस धरली.

गोठ्यामागचा गडगा तिच्या बापाने, इवोरने, रचलेला. ती त्याच्यापुढे उकिडवी बसली. प्रत्येक चीप डावीकडून ठोकलेली. बाप डावखुरा आहे हे तिला जन्मापासून ठाऊक होतं, पण ती गोष्ट डोक्यात अशी कधी शिरली नव्हती. इवोर पलीकडे गुरांसाठी सलगम चिरत होता.

"बाबा, काएर विलनचं भोक तुम्ही पाडलंत."

सुरी थांबली. इवोरचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. चॅपलमध्ये, आमच्या प्रार्थनाघरात, पाद्र्याच्या पायाशी मानकऱ्यांच्या मोठ्या बाकावर बसणारा माणूस तो. गावात त्याच्या शब्दाला वजन. त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग पुन्हा सलगम चिरायला घेतलं, आणि खाली मान घालून सांगून टाकलं.

सत्तेचाळीस सालचा बर्फ. त्याच्या साठ मेंढ्यांतल्या एकोणीस उरल्या होत्या. ब्रिन-ब्रिथचा उतार उत्तरेचा, तिथे एप्रिलपर्यंत पातं दिसेना. तटापलीकडे शेजारच्या काए-दी शेतावरच्या गोरोन्वीचा उतार होता, सकाळचं ऊन खाणारा. तिथला बर्फ आधी वितळला, गवत आधी आलं. दोघांच्या चराईच्या मधली हद्द म्हणजे तोच जुना तट. इवोरने त्यात भोक पाडलं. माप असं घेतलं की आपल्या बारक्या मेंढ्या पलीकडे जाव्यात, पण गोरोन्वीच्या दांडग्या मेंढ्या इकडे येऊ नयेत.

मेरेरिदला हसू फुटलं. "म्हणजे सूर्य नेमका तिथून येतो, कारण..."

"कारण सूर्य जिथे पडतो तिथेच गवत उगवतं, दुसरं काय! पण पोरी, तोंडातून काढू नकोस. शेजाऱ्याचं गवत चोरलंय मी. आणि दर रविवारी त्याच्याच खांद्याला खांदा लावून बसतो."

"मागितलं का नाहीत त्यांच्याकडे?"

इवोरने सलगमाचे दोन तुकडे केले, चार केले, आठ केले. "मागायला जीभ वळली नाही."

तिने शब्द दिला. आणि इथेच सगळी पंचाईत झाली. सत्य कळलं, पुरावा हाताशी आला, पण तो वापरायची सोय उरली नाही. दुसऱ्या कुणी नऊ पानं फाडली असती आणि ऑक्टोबरात खुर्चीत जाऊन बसलं असतं. मेरेरिदने ऍशडाउनना एका ओळीचं पत्र लिहिलं: प्रकरण सहावं तसंच राहील.

पदवी नाकारली गेली. अधिव्याख्यात्याची जागा त्यांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला मिळाली, ज्याला मेंढी कुठल्या बाजूने चरते हेही ठाऊक नसावं. मेरेरिद जिल्ह्याच्या शाळेत इतिहास शिकवायला लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोरी आणि आखणीची फळी घेऊन ती डोंगर पालथे घालायची. केल्टांचे मेंढवाडे, केल्टांच्या गुरांच्या वाटा, चूल, राख, हाडं, यांच्यावर तिने लेख लिहिले. निम्मे साभार परत आले. परिषदांमध्ये तिला मागच्या रांगेत बसवत आणि पाठीमागून 'मेंढरांची बाई' म्हणत. ते तिच्या कानावर जायचं. तिला राग यायचा, चांगला सणसणून यायचा, आणि त्या रागात ती आणखी एक डोंगर मोजून काढायची. बापावरही यायचा कधीकधी. मग ती घरी येऊन भांडी जरा जास्तच आपटायची आणि इवोर मुकाट्याने चहा प्यायचा.

अठ्ठ्याऐंशी साली तिने प्रबंध पुन्हा सादर केला. तीच नऊ पानं, जागची न हललेली. ऍशडाउन निवृत्तीला आले होते, पण विभाग अजून त्यांचाच. त्यांनी निरोप धाडला: तुमचं वय अडतीस, ही शेवटची संधी, भोक सोडा. महिन्याभरात निर्णय होणार होता. आणि त्याच महिन्यात त्यांचं आमच्या चॅपलच्या मागच्या खोलीत व्याख्यान ठरलं, कारण किल्ल्यापाशी सरकारी फलक लागायचा होता: 'आत्म्याचं दार'.

अख्खं गाव जमलं. चहा होता, बेदाण्यांचा पाव होता, लोण्याची कंजूषी नव्हती. ऍशडाउन इंग्रजीत बोलले. केल्टांवर सात पुस्तकं लिहिलेल्या माणसाला केल्टांची जिवंत भाषा, आमची वेल्श, येत नव्हती, आणि याचं त्यांना कधी काही वाटलंही नाही. बोलण्याच्या शेवटी त्यांनी विचारलं, "काही प्रश्न?"

मेरेरिद उठली. "दार आत्म्यांसाठी, तर ते तेरा इंचांचंच का?"

"आलंच का ते!" ऍशडाउन म्हणाले. पुढच्या रांगेतले पाहुणे हसले. "या बाईंच्या पूर्वजांनी जगाला सूर्याचं दार दिलं, आणि यांना तिथे लेंड्या दिसतात! बाई, स्वतःच्या लोकांना इतकं क्षुद्र समजू नका."

चौदा वर्षांत मेरेरिदने बऱ्याच गोष्टी ऐकून घेतल्या होत्या, पण या खोलीत, लहानपणी रविवारच्या शाळेत जिथे अक्षरं गिरवली तिथे, आपल्याच माणसांसमोर कधी नाही. ती काही बोलणार, तेवढ्यात मागचं एक बाक करकरलं. इवोर उभा राहिला होता.

"मेरेरिद, या माणसाला सांग," तो वेल्श भाषेत म्हणाला. "मी बोलतो तसंच सांग. ते भोक मी पाडलं. सत्तेचाळीस साली, मार्चात."

"बाबा, नको."

"सांग म्हणतो ना! चौदा वर्षं माझी लाज तू चघळते आहेस. थुंक ती आता."

तिने सांगितलं. इवोर एकेक वाक्य बोलायचा, थांबायचा, आणि ती ते इंग्रजीत करायची. एकोणीस मेंढ्या. उत्तरेचा उतार. शेजाऱ्याचं गवत. चोरलं म्हणाला तिथे तिने शब्द जरा मऊ केला, तर इवोर, ज्याला इंग्रजी सगळं समजायचं पण जो ते बोलायचा नाही, ओरडला, "चोरलं म्हण! नीट म्हण!"

सगळ्यांच्या माना गोरोन्वीकडे वळल्या. पंच्याहत्तरीचा, आडदांड, हातातला पाव तसाच. त्याने घास गिळला.

"मला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?" इवोरने विचारलं.

"तुझ्या मेंढ्यांच्या कानांच्या खुणा मला वाचता येत नाहीत का रे? डावा कान टोकाला कापलेला, उजव्याला खाच. सकाळी माझ्या उतारावर चरत असायच्या. दगडांना लोकर अडकलेली असायची."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? एकोणीसच राहिल्यात हे दिसत होतं की. माझ्या एकशे दहा वाचल्या होत्या." गोरोन्वीने पाव खाली ठेवला. "तू मागायची वाट बघत होतो. आणि तू असा आखडू, की मागण्याऐवजी किल्ला फोडलास!"

इवोर मटकन खाली बसला. एक्केचाळीस वर्षं! दर रविवारी खांद्याला खांदा, आणि दोघांच्याही तोंडून एक अक्षर नाही. आमच्या खोऱ्यात लोक असेच आहेत, मी कुणाला नावं ठेवत नाही, मीही त्यांतलाच. पण त्या पोरीची चौदा वर्षं या दोन म्हाताऱ्यांच्या मुक्या तोंडांनी खाल्ली, हेही खरंच. मेरेरिदने आधी बापाकडे पाहिलं, मग गोरोन्वीकडे, आणि म्हणाली, "तुम्हां दोघांना एका दोरीने बांधून डोंगरावरून सोडलं पाहिजे." आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

ऍशडाउन घसा खाकरून म्हणाले, "हे सगळं फार हृद्य आहे. पण दोन वृद्धांच्या आठवणी म्हणजे पुरावा नव्हे."

मेरेरिदने ते बापाला भाषांतर करून सांगितलं नाही. त्याने आपणहून उत्तर दिलं, आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत इंग्रजीतून. "वरचा आडवा दगड तडकलेला होता. मागून लोखंडी पट्टी लावली आहे. माझ्या आजीच्या पलंगाची. त्यावर कारखान्याचं नाव आहे, साल आहे. जा, काढा."

गोरोन्वी आधी हसला. मग सगळी खोली हसली, टेबलावरच्या कपबशा वाजायला लागल्या.

आता सांगतो ती गोष्ट लोकांना पटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले चौघेजण पहारी घेऊन निघाले होते, आणि त्यांना किल्ल्याच्या वाटेवर अडवलं मेरेरिदने. "एका दगडालाही हात लावायचा नाही. परवानगी येईल, आधी नकाशा होईल, मग दगड हलेल. मला खरं ठरायचंय, पण माझ्या कामाच्या रीतीने." निर्णयाला तीन आठवडे उरलेले, तरी ती हटली नाही. पुरावा वेळेत आला नाही तर पदवी गेली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने प्रबंधाच्या परीक्षेला तशीच तारीख घेतली.

परवानगी अठरा दिवसांनी आली. तिने एकेक दगड आखला, नंबर दिला, उचलला. अठ्ठाविसाव्या दगडामागे पट्टी होती. गंजलेली, पण अक्षरं शाबूत: बर्मिंगहॅम, १८९१. इवोर म्हणाला, "आजी फार वजनदार होती, पट्टी चांगलीच असणार."

ऍशडाउन परीक्षेला आले नाहीत, प्रकृतीचं कारण आलं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी तासभर प्रश्न विचारले. उठताना, फाईल मिटता मिटता, त्यांनी विचारलं, "एक सांगा. तीनशे पानांच्या प्रबंधात ही नऊ पानं. काढून टाकली असती तर चौदा वर्षांपूर्वीच मोकळ्या झाल्या असतात. का नाही काढलीत?"

मेरेरिदच्या नखांत अजून तटाची माती होती.

"ती काढली असती," ती म्हणाली, "तर उरलेल्या पानांत सूर्य होता, देव होते, पुजारी होते. भूक लागलेला माणूस एकही नव्हता."

तट तिने पुन्हा होता तसा रचला, पट्टीसकट, भोकासकट. चिपा बसवायला इवोर आला होता, डावीकडून ठोकायला. सरकारी फलक लागला, पण मजकूर तिचा: 'मेंढरांची वाट. १९४७च्या हिवाळ्यात इवोर ब्रिन-ब्रिथ याने एकोणीस मेंढ्यांसाठी केली.' त्याच्या खाली गोरोन्वीने आग्रह धरून एक ओळ वाढवायला लावली: 'गवत गोरोन्वी काए-दीचं.'