अण्णांचा ट्रक मध्येच का थांबायचा

माझे सासरे, म्हणजे घरात सगळेच ज्यांना अण्णा म्हणतात ते, सत्तरी ओलांडल्यावरही रोज सकाळी आपला जुना छोटा ट्रक काढून चिकपेटच्या कापडबाजारात जायचे. तिथून कापडाचे गठ्ठे उचलायचे आणि शिवाजीनगरच्या शिंप्यांकडे पोचवायचे. गेल्या दसऱ्यानंतर हा ट्रक वाटेत बंद पडायला लागला. रोज नाही. दोन दिवस गुणाने चालायचा आणि तिसऱ्या दिवशी ऐन चौकात मान टाकायचा. अण्णा खाली उतरायचे, थोडा वेळ जायचा आणि मग काही झालंच नव्हतं अशा थाटात तो सुरू व्हायचा. "दहा मिनिटं आराम लागतो गाडीला," अण्णा सांगायचे. "वय झालं."

माझा नवरा म्हणे, वय गाडीचं नाही, अण्णांचं झालंय. त्याने स्वतः आमच्या राजाजीनगरात चार वेळा दहा-दहा मिनिटं ट्रक फिरवला, एकदाही बंद पडला नाही. मेकॅनिकने फिल्टर बदलला, पाइप बदलले, गल्लीत एक चक्कर मारली आणि गाडी ठणठणीत असल्याचं सांगितलं. म्हणजे उरले अण्णा. क्लच नीट दाबत नसतील, नाहीतर डुलकी लागत असेल. येत्या रविवारी किल्ली काढून घ्यायची आणि ड्रायव्हर ठेवायचा, असं त्याने जेवताना सांगून टाकलं. अण्णा ताट अर्धं टाकून उठले. मला नवऱ्याचा इतका राग आला की मीही वाढलेला भात तसाच ठेवला.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन या कानडी शहरात आले आणि इथल्या एका सरकारी प्रयोगशाळेत यंत्रांचे मोडलेले भाग का मोडले, ते शोधायचं काम करते. रविवारपर्यंत किल्लीला कुणी हात लावायचा नाही असं मी बजावलं, रजा टाकली आणि अण्णांच्या शेजारी जाऊन बसले. चौदा रकान्यांचा तक्ता केला. वेळ, चढ, गिअर, इंजिनाची उष्णता, मालाचं वजन, असं सगळं त्यात होतं. अण्णांनी स्वतःच्या अक्षरात पंधरावा रकाना वाढवला, 'समोर पोलीस होता का'. सांगायला लाज वाटते, पण चार दिवसांनी जो काही मेळ बसत होता तो याच रकान्यात बसत होता.

शनिवार उजाडला. उड्डाणपुलाच्या चढावर ट्रक बंद पडला आणि मागे हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. अण्णा नेहमीसारखे आपली काठी घेऊन उतरले. डिझेलचा काटा कित्येक वर्षं मेलेला होता, त्यामुळे गाडी थांबली की आधी टाकीचं झाकण उघडून काठी बुडवायची आणि डिझेल आहे ना ते पाहायचं, हा त्यांचा शिरस्ता.

मी म्हटलं, "अण्णा, आज काठी नको. तुम्ही म्हणता ना आराम लागतो, मग नुसता आराम देऊ. दुसरं काहीही करायचं नाही."

दहा मिनिटं झाली, गाडी सुरू होईना. वीस झाली. पोलीस आला आणि इथेच घर बांधायचा विचार आहे का, असं त्याने कन्नडमध्ये विचारलं. अण्णा वैतागले. "तुझा अभ्यास स्वल्प आवर गं. शिव्या मला पडतायत." आणि त्यांनी झाकण फिरवलं.

फुस्स असा लांब आवाज आला. नंतर किल्ली फिरवली तर इंजिन पहिल्या फटक्यात सुरू.

मी झाकण हातात घेतलं. हवा आत यायला त्यात एक बारीक भोक असतं. ते बुजलं तर टाकीत पोकळी होते आणि अर्ध्यापाऊण तासाने इंजिनाला डिझेल ओढवत नाही. झाकण उघडलं की सगळं ठीक. म्हणजे इतके दिवस दुरुस्ती अण्णाच करत होते आणि श्रेय आरामाला देत होते. नवऱ्याची चक्कर दहा मिनिटांची, तो कशाला अडकतोय. ज्या दिवशी वाटेत डिझेल भरलं त्या दिवशी झाकण आपोआप उघडलं जाई. आणि पोलीस जिथे, तिथे कोंडी, म्हणजे वेळ जास्त. माझ्या चौदा रकान्यांत झाकण कुठेच नव्हतं.

भोकात कुंकू होतं, ते मी पिनेने कोरून काढलं. आमच्या सासूबाई, अक्का, दर शुक्रवारी ट्रकला हळदीकुंकू लावतात. दसऱ्यापासून त्यांनी गाडी जिथून पिते तिथेही लावायला सुरुवात केली होती, आणि पावसाने जाऊ नये म्हणून तेलात कालवून.

घरी आल्यावर अण्णांनी ही हकिगत फुस्स आवाजासकट तीनदा सांगितली. नवऱ्याने कान पकडले. आम्ही पोट धरून हसलो, पण अक्का हसल्या नाहीत. त्यांना वाईट वाटलं असेल म्हणून मी घाईने म्हटलं, "अक्का, तुम्हाला कसं ठाऊक असणार?"

"नव्हतंच ठाऊक," त्या म्हणाल्या. "पण गाडी बंद पडायला लागली तेव्हा मला बरं वाटलं होतं गं. म्हटलं, आता तरी हे घरी बसतील."

अण्णांच्या हातात किल्ली होती. कानडीत 'ठीक आहे' म्हणतात तसं ते "सरी, बघू" म्हणाले आणि आत गेले.

सोमवारी ते ट्रक घेऊन गेले. बारा वाजता परतले आणि फाटकातूनच म्हणाले, "बघ, कुठे म्हणून थांबली नाही."

"सरी. हात धुवा, वाढते," अक्का म्हणाल्या.

माझी रजा त्या दिवसापर्यंत होती, म्हणून मला माहीत आहे. साडेदहापासून अक्का फाटकापाशी उभ्या होत्या. सोलायला घेतलेल्या अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचं ताट हातात होतं आणि त्यातली एकही शेंग सोललेली नव्हती.