सुभद्राकाकूंच्या गळ्यात घातलेला हार

सुभद्राकाकू गेल्याचं मला सोलापूरच्या नवी पेठेत कळलं. चष्म्याच्या दुकानात उभा होतो, त्यांच्या सुनेचा फोन आला. "गुर्जी, आत्त्या गेल्या." दहावा कधी, एवढंच मी विचारलं; जास्त बोलायचा हक्क मी आठ वर्षांपूर्वीच घालवला होता.

मोहोळजवळच्या त्यांच्या गावात मी मास्तर होतो. एकटा राहायचो, भाकरी काकूंच्या चुलीवरची खायचो. मग गाव हागणदारीमुक्त करायचा हुकूम आला आणि आम्हा शिक्षकांचं पथक करून पहाटे शिट्ट्या घेऊन ओढ्यावर उभं केलं. शिट्ट्यांना कुणी भीक घालेना. तेव्हा सापडलेल्याच्या गळ्यात झेंडूचा हार घालायचा आणि हलगी लावून गावातून आणायचं, ही अक्कल माझीच. माझ्या खोलीला संडास होता, नळही होता. तिसऱ्या दिवशी ओढ्यातून काकू वर आल्या, हातात टमरेल. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ओळखीचं माणूस सोडलं तर पथकाला कोण विचारणार, म्हणून हार मीच घातला. "तुमी व्हय, गुर्जी?" एवढंच त्या म्हणाल्या आणि पदर तोंडावर ओढून हलगीच्या मागं चालत राहिल्या. त्या दिवशीही डबा आला, सून घेऊन आली. काकू मात्र माझ्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी मी बदली घेऊन सोलापुरात आलो.

गावाला प्रमाणपत्र मिळालं, मला शाल मिळाली. माणसाला लाजवून काही साधतं का, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, साधतं की! काकू ओढा सोडून गुडघे धरत पार माळापर्यंत जायला लागल्या. गेल्या उन्हाळ्यात तिथंच पडल्या, खुबा मोडला, आणि अंथरूण धरलं ते कायमचंच.

हे सगळं मला दहाव्याला गेल्यावर सुनेनं सांगितलं. परसात निळ्या दाराचा संडास उभा होता, त्या हारानंतर महिन्याभरात बांधलेला. मी दार उघडलं. आत खडखडीत कोरडं, भांड्यावर एक डाग नाही, कोपऱ्यात केरसुणी.

"हा असताना माळावर कशाला जायच्या?"

"पानी कुटं हाय त्यात? नळ आलाच न्हाय कदी. पर आत्त्या रोज झाडून घ्यायच्या."

"वापरत नव्हत्या, तर झाडायच्या कशाला?"

तिनं पुढं होऊन दार लावून घेतलं. मग म्हणाली, "तुमी लोक परत आलात, तर दावाया पायजे की. पडल्यापासनं मला झाडाय लावायच्या... आज सकाळी बी झाडलं मी."