दापोऱ्याचा मामा

शहरात माणसाला कसं फसवतात, हे माझ्या वडिलांना तोंडपाठ होतं. बुऱ्हाणपूरहून कुणी परगावी निघालं की आधी आमच्या ओट्यावर येऊन बसायचं आणि अण्णा त्याला शहाणं करून सोडायचे. हमालानं सामानाला हात लावायच्या आधी भाव ठरवा. अनोळख्याच्या हातचा प्रसाद तोंडात टाकू नका. टांगेवाला म्हणाला, तुमची धर्मशाळा बंद पडलीय, तर समजा त्याला दुसरीकडून दलाली मिळते. आणि मुख्य म्हणजे आपण कुठून आलो, कुठं चाललो, हे कुणाला सांगू नका. सगळं बरोबरच सांगायचे. त्याचाच मला आजही जास्त संताप येतो.

नवा मध्य प्रदेश तेव्हा नुकताच झाला होता. आमची राजधानी नागपूरहून उचलून भोपाळला नेली होती. नागपुरात निदान रस्ता चुकला तर आपल्या भाषेत विचारता यायचं. भोपाळ आमच्या गल्लीत कुणी पाहिलेलंच नव्हतं. आणि नेमकं तिथूनच मला मुलाखतीचं बोलावणं आलं. बुऱ्हाणपुरात मुलींच्या मराठी शाळेवर एक बाई नेमायची होती. मी मॅट्रिक पास झालेली, घरात लग्नाच्या गोष्टी चाललेल्या. अण्णांनी साफ सांगितलं होतं, नोकरी लागली तर थांबू, नाहीतर याच उन्हाळ्यात उरकून टाकू. दुपारच्या आत हजर व्हायचं, उशिरा येणाऱ्याचा विचार होणार नाही, असं बोलावण्यात लिहिलं होतं. माझं पुढचं सगळं त्या एका सकाळवर टांगलेलं होतं, आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

निघताना आईनं केळ्यांची टोपली बांधून दिली. दापोरा तिचं माहेर, तिथल्याच मळ्यातली केळी, वरून केळीची वाळलेली पानं लावलेली. गाडीत अण्णांनी मला सगळे नियम पुन्हा म्हणायला लावले. मी म्हटले.

भोपाळला उतरलो तर फलाटावर एक माणूस आमच्याजवळ आला. स्वच्छ धोतर, काळी टोपी, चेहऱ्यावर हसू. त्यानं टोपलीकडे पाहिलं आणि आपल्या बोलीत म्हणाला, "ही केळी तर आपल्याकडची दिसून राहिली. कुठले तुम्ही?"

झालं. सबंध प्रवासभर मला तोंड शिवून ठेवायला शिकवणाऱ्या माझ्या बापानं बुऱ्हाणपूर सांगितलं, माझी मुलाखत सांगितली, कचेरीचं नाव सांगितलं, आणि कुणी विचारलं नसताना टोपलीवर हात ठेवून म्हणाले, "ही दापोऱ्याची. आमची सासुरवाडी."

"म्हणजे तुम्ही आमचे जवाईबापू," तो म्हणाला. "मी दापोऱ्याचाच ना."

आमच्याकडे जावई एका घराचा नसतो, अख्ख्या गावाचा असतो. अण्णा दापोऱ्यात शिरले की ज्याच्या त्याच्या घरी पाट मांडलेला, चहा ठेवलेला. मोठमोठी माणसं उठून उभी राहायची. गाव एवढा मान देतं म्हणून जावयानंही गावच्या माणसाला कधी उलटून विचारायचं नाही, अशी रीत. बुऱ्हाणपुरात अण्णांना उठून जागा देणारं कुणी नव्हतं. कापडाच्या पेढीवर दिवसभर मान खाली घालून बसायचे. तो मान भोपाळच्या फलाटावर फुकट मिळाल्यावर त्यांची छाती अशी फुगली की विचारू नका. आईच्या गावचा पुरुष म्हणजे माझा मामा. "मामाच्या पाया पड," अण्णा म्हणाले. मी त्या चोराच्या पाया पडले. अजून आठवलं की हात शिवशिवतात.

मामा म्हणाला, ती कचेरी इथं कुठली आता, ती तर मागच्या आठवड्यात तलावापलीकडे गेली. खोटं वाटावं असं त्यात काही नव्हतं. त्या दिवसांत भोपाळात कचेऱ्यांची बिऱ्हाडं आज या बंगल्यात तर उद्या त्या बराकीत हलत असल्याचं आम्हीही ऐकून होतो. टांगेवाला त्याच्या ओळखीचाच निघाला. स्टेशन सोडून थोडं पुढं गेलो तर एका पिवळ्या इमारतीसमोर माझ्याएवढ्या मुली कडक इस्त्रीच्या साड्या नेसून उभ्या होत्या. मी म्हटलं, "अण्णा, इथं विचारू या." मामा लगेच म्हणाला, "इथं नर्सांची भरती चालू आहे, बेटा." टांगा पुढं गेला.

दापोऱ्यात मी लहानपणापासूनच्या सगळ्या सुट्ट्या काढलेल्या. अण्णा तिथं दिवाळीला जेवायला जायचे, मी तिथली गल्ली न् गल्ली पालथी घातली होती. मी सहज विचारल्यासारखं केलं, "मामा, शाळेजवळची ती मोठी चिंच पडली म्हणे?"

"पडली ना," तो हळहळून म्हणाला. "गाव उघडं पडल्यासारखं वाटते."

शाळेजवळ चिंच कधीच नव्हती. मी अण्णांच्या कानाशी लागून तसं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कुणाचं काही चोरलंय. "सासुरवाडीच्या माणसाची परीक्षा घेतेस?" दातओठ खात म्हणाले. "उद्या दापोऱ्यात मला तोंड दाखवायला जागा ठेवशील का नाही? गप बैस."

टांग्यातून उडी का मारली नाहीस, असं माझ्या सुना मला विचारतात. त्यांना काय सांगू. बापानं गप म्हटल्यावर तेव्हा आमच्या घरात मांजरसुद्धा आवाज करत नव्हतं.

टांगा कचेरीला जायच्या आधी कापडाच्या एका दुकानापाशी थांबला. मामाला म्हणे बहिणीसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी, लुगडं घ्यायचं होतं, माहेरची भेट. ऊन डोक्याकडे सरकत होतं आणि हे दोघे गादीवर मांडी घालून काठ बघत बसले. शेवटी मामा खिसे चाचपायला लागला, तसे अण्णा पुढं झाले. "छे छे, तुम्ही कशाला, राहू द्या." पैसे अण्णांनीच दिले आणि वर मामाचेच आभार मानले. दलाली कशाला म्हणतात ते जगाला शिकवणारा हा माणूस. मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून रडत होते. अण्णा म्हणाले, शुभ कामाला निघालीस, डोळे पूस.

तलावापाशी मामा केळ्यांची टोपली घेऊन उतरला. साहेबाच्या शिपायाला केळी देऊन तुमचा नंबर लावून येतो, इथंच थांबा, म्हणाला. टांगेवाल्यानं भलतंच भाडं उकळलं आणि तोही निघून गेला. आम्ही थांबलो. समोर पाणी, मागं ओसाड टेकडी, कचेरीचा पत्ता नाही. अण्णा अधूनमधून म्हणत होते, "अडकला असेल बिचारा." बिचारा म्हणाले. मग मात्र मी त्यांना न विचारता उठले आणि रस्त्यानं जाणाऱ्या एका पोलिसाला कचेरीचं नाव सांगितलं. त्यानं स्टेशनाकडे हात केला.

तीच पिवळी इमारत. आम्ही घामानं निथळत पोचलो तेव्हा शिपाई व्हरांड्यातल्या खुर्च्या एकात एक घालत होता. आत एक म्हातारे बाबू होते. "बेटी, साहब तो उठ गए," म्हणाले. मी म्हटलं, कचेरी हलली असं आम्हाला कुणीतरी सांगितलं. ते म्हणाले, "यह दफ्तर कहीं नहीं गया." मग त्यांनी अण्णांना विचारलं, कुणी सांगितलं, नाव काय त्याचं. अण्णा लुगड्याची घडी काखेत धरून उभे होते. त्यांना नाव सांगता येईना. सकाळपासून आम्ही त्याला मामा, मामा म्हणत होतो, नाव कुणी विचारलंच नव्हतं.

जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. ती बाई पुढं बुऱ्हाणपुरात आली, आमच्याच गल्लीवरून शाळेत जायची. मी माजघरात हळदीला बसलेली असताना तिची छत्री खिडकीतून दिसली होती. आईनं दापोऱ्यात विचारून पाहिलं. तसा कुणी माणूस गावात नव्हता. ते लुगडं तिनं कधी अंगाला लावलं नाही. आणि अण्णा? अण्णांच्या ओट्यावर एक नवी गोष्ट आली. भोपाळचे ठग कसे असतात, बघा. लोक कान देऊन ऐकायचे. त्या गोष्टीत फलाट होता, टांगा होता, तलाव होता. दापोरा नव्हता, चिंच नव्हती आणि मी तर नव्हतेच.

मला खकनारला दिलं. संसार झाला, वाईट झाला असं म्हणणार नाही. पण शाळा सुटल्याची घंटा ऐकली की माझ्या हातातलं भांडं आपटायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग एके दिवशी माझ्या लेकीला भोपाळहूनच मुलाखतीचं बोलावणं आलं. अण्णा तेव्हा आमच्याकडे राहायला होते, थकलेले, खाटेवर पडून. माझे यजमान तिच्याबरोबर जायला बूट घालायला लागले. मी म्हटलं, काढा ते. ती एकटी जाईल.

खाटेवरून अण्णा म्हणाले, "बाई, एकट्या पोरीला पाठवू नये. शहरात लोक फसवतात. सोबत आपलं माणूस पाहिजे."

इतकी वर्षं मी त्यांना एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "अण्णा, चिंच नव्हती हे मी तुम्हाला सांगितलं होतं."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी लेकीच्या हातात पिशवी दिली आणि फाटकापर्यंत तिच्याबरोबर गेले, त्याच्या पुढं नाही.