इंदाईची बैठक

व्हेलिनाने हॉल सजवायला घेतला तेव्हा तिच्या नवऱ्याने, उगातने, तोंड भरून कौतुक केलं. सासूने मात्र नाकसुद्धा मुरडलं नाही. ती चार शब्द बोलली असती तर व्हेलिनाला बरं वाटलं असतं.

सासूचं नाव लुलोंग, पण घरात तिला इंदाई म्हणायचे, म्हणजे आई. तिचा सगळा जन्म रेजांग नदीच्या वरच्या अंगाला, सव्वीस बिऱ्हाडांच्या लांबघरात गेला. डावा गुडघा कामातून गेला, जिन्यावरून पडली, तेव्हा उगातने तिला शहरात, सिबूला आणलं. आली तीच अट घालून. "महिनाभर बघते. जीव रमला तर राहीन, नाहीतर बोटीनं परत."

व्हेलिना नऊ वर्षांची असताना तिची आई गेली होती. इतक्या वर्षांनी आई म्हणून हाक मारायला माणूस मिळालं होतं, ते बोटीत बसून परत जावं हे तिला सोसणारं नव्हतं. म्हणून तिने जिवाचं रान केलं. हॉल चांगला ऐसपैस, स्वयंपाकघरापर्यंत मधे भिंत नाही. त्यात करडा सोफा आला, उंच दिवा आला, प्लॅस्टिकच्या पानांची कुंडी आली. इंदाईने तरुणपणी विणलेलं तांबडं पुआ, हातमागावरचं कापड, काचेत घालून भिंतीवर लागलं. आणि इंदाई? ती दवाखान्यात नंबराची वाट बघावी तशी सोफ्याच्या टोकाला बसे, आणि पान खायला मागच्या दारी जाई.

महिना भरत आला, रविवारची परतीची बोट चार दिवसांवर आली. व्हेलिना बाजारातून परतली तर सोफा पोर्चमध्ये! गॅसवाल्याला हाताशी धरून इंदाईने तो बाहेर काढवला होता. हॉलच्या मधोमध वेताची चटई, पुढ्यात पानाचा डबा, आणि दार सताड उघडं.

"इंदाई, हे काय केलंत?"

"वाट अडवून बसला होता मेला. माणसं येणार-जाणार कुठून?"

"इथे येतंय कोण?"

"दार लावून बसलीस तर कोण येईल?"

लांबघराला सगळ्या बिऱ्हाडांपुढून जाणारी एकच लांब पडवी असते. तिथे चटई पसरली की जाणारा-येणारा टेकतो, बोलावणं लागत नाही. सिबूच्या गल्लीत मात्र सोफा बाहेर, जमिनीवर चटई आणि दार उघडं, याचा अर्थ एकच.

अर्ध्या तासात समोरच्या मॅडम तिंग पांढरा ब्लाउज घालून, बिस्किटांचा डबा घेऊन हजर. मागोमाग शेजारची रोकिया, साखर घेऊन. मॅडम तिंगनी पोर्चमध्येच व्हेलिनाचे हात धरले. "तरीच म्हटलं, म्हातारबाई दिसत कशा नाहीत! कधी गेल्या गं?"

व्हेलिनाला धरणी दुभंगावी असं झालं. तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण गेलं, पोरी?"

मॅडम तिंगनी आत डोकावलं आणि त्या किंचाळल्याच.

"इंदाई, यांना वाटलं... तुम्ही..."

इंदाई पोट धरधरून हसली. "नाही हो गेले अजून! आणि गेले तरी उभ्यानं रडणार का? बसा की!"

त्या बसल्या. इंदाईने डबा उघडून पहिलं बिस्किट स्वतः उचललं. "आपल्या मयताची बिस्किटं आपणच खायची, कुणाच्या नशिबी असतं असं?" मॅडम तिंगनाही हसू फुटलं. मग मयताला म्हणून आणखी तिघी आल्या, त्याही बसल्या. रोकियाचा गुडघासुद्धा डावाच दुखतो, हे व्हेलिनाला आठ वर्षं भिंतीला भिंत लावून राहून आज कळलं. तिने तीनदा कॉफी केली.

संध्याकाळी मॅडम तिंग निघाल्या. "उद्या यावंसं वाटतंय. पण तुम्ही रविवारी जाणार ना? सून सांगत होती."

"लोक बसायला येणार, आणि मी कुठे जाऊ?" इंदाई म्हणाली. "या तुम्ही खुशाल. मी घरीच आहे."

व्हेलिना कप विसळत होती. 'घरी' ऐकलं आणि तिने हातातला कप तसाच ठेवला, आणि ती ओट्याला टेकून लहान पोरीसारखी रडली.