घट्टे पडलेली बोटं
स्पिरिटचा वास आला की उदगीरजवळच्या गावातली ती सकाळ आठवते. नांदेडच्या कॉलेजात आम्ही रक्तातली साखर तपासायचं छोटं यंत्र बनवत होतो आणि चाचणीसाठी गावोगाव फिरून जीव मेटाकुटीला आला होता. सोयाबीनच्या काढणीतून तासभर सवड काढून एक शेतकरी मावशी समोर बसल्या. मी तीनदा सुई टोचली, पण खुरप्यानं घट्टे पडलेल्या बोटातून थेंब निघेना. "ह्या बोटात आता काय न्हाई बाबा, कानाला टोच," त्या म्हणाल्या. "बोटाचंच रक्त लागतं, मावशी." "मग हे मशीन आमच्यासाठी न्हाईच म्हण की," असं सहज बोलून त्या शेताकडं गेल्या. मी वहीत 'नमुना अपुरा' असं लिहिलं. दोन महिन्यांनी सुई बदलून परत गेलो, तेव्हा लातूरच्या दवाखान्यात साखरेनं चिघळलेला त्यांच्या पायाचा अंगठा काढून झाला होता. या खेपेला थेंब लगेच आला. साखरेचा आकडा बघून माझाच चेहरा पडला, तर त्यांनीच पाठीवरून हात फिरवला. आता ते यंत्र बऱ्याच गावांत पोचलंय. बनवायला किती वेळ लागला, असं लोक विचारतात. मी वर्षं सांगतो. मनात मात्र ते दोन महिनेच मोजत असतो.